कांतेच्या गुडघ्याची कडी

पुणे, ४ ऑगस्ट ७६
जऊळक्याहून कांतेचं पत्र. माही बहीण अकराची, डावा पाय पोलिओनं लुळा पडला. त्यावर बांधाचा दवाखान्याचा लोखंडी पट्ट्यांचा पाय वाकत नाई, म्हणून शाळेत खाली बसता येत नाई. दिवसभर भिंतीशी उभी. "भाऊ, तू लोखंडाचं काम करतं. वाकते असा कर. नाई तं बाबा शाळेतून नाव काढते." पाकिटात मापाचा दोरा. मांडी, गुडघा, घोटा. तीन गाठी.

११ ऑग.
कारखान्याच्या भंगारातल्या पट्टीचा पाय केला. गुडघ्यात बिजागरी, बाजूले कडी. लावली का सरळ, काढली का वाकते. सेठ म्हणे, "पोरीला गेट बसवतोस का रे?" सारे हसले. मीही.

१६ ऑग.
गावचा किसन घरी निघाला. त्याच्यापाशी पाय पाठवला.

२ सप्टें.
किसन गावाहून आला, सांगे, कांता बसाले कडी काढाले वाकली, काठी सुटली. हनुवटी फुटली. बाबानं पाय माळ्यावर फेकला. "त्याले सांग, पोरगी हाय, फाटक नाई." शाळा बंद.
जेवलो नाई. टेबलावर कडी शंभरदा लावून पाह्यली होती.

५ सप्टें., रविवार
उरलेल्या पट्टीचा तसाच दुसरा पाय केला, खोलीत माह्याच पायाले आवळला, हाती काठी. कडीपर्यंत हात जायच्या आत तोंडावर पडलो. कडी कशी काढशील, तिले इचारलंच नाई मी.

११ सप्टें.
कांतेचं पत्र, बाबाले चोरून. "तू दोन पायाचा माणूस, तुले काय समजते. माळ्यावरचा पाय मी काठीनं पाडला. उजव्या हातात काठी असते, डावा रिकामा. कडीले नाडी बांधून कमरेपर्यंत आणली. ओढली का वाकते, आता पडत नाई. पण उठल्यावर कडी आपोआप लागत नाई. ते तू कर. गुरुजी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पटावर नाव ठेवतो म्हणते." संग दोरा, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. एकच गाठ.

१३ सप्टें.
कडी आपोआप लागाले स्प्रिंग पाह्यजे. सेठ म्हणे, "भंगाराला पुन्हा हात लावलास तर गावी जा."

२६ सप्टें.
सायकलच्या कॅरियरची स्प्रिंग जड. टॉर्चमधली नरम. कुलपातली काढली, ती बसली. तोच दुसरा पाय बांधून दहादा उठलो. नऊदा कडी लागली. एकदा नाई. काहून, समजत नाई.
किसन उद्या सकाळी निघते. दिवाळीआधी मंग कोणी जात नाई.
पाय पिशवीत भरला. परत काढला.
पाय बांधूनच लिहून राह्यलो, खाली बसून. आता उठतो.