प्याले हातातच राहिले

ग्लाशाताईला आणि आईला येफिमचा कमरेत वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोली उबदार आहे, फक्त थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी वसंतापर्यंत चिकटवून टाकली आहे. आईचा खोकला कसा आहे?

व्यापारी सावा कुझ्मिच यांच्या घरी मी नामदिनाच्या मेजवानीसाठी, ज्याच्या नावाच्या संताचा दिवस असेल त्याच्यावर, कविता करतो. कवितेत पाहुण्याचं नाव आलं की प्याले रिकामे करायचे, अशी रीत आहे. रविवारी मी धीर करून माझी स्वतःची कविता वाचली. आई नदीच्या बर्फाला भोक पाडून कपडे धुते, ती. सगळे प्याले उचलून नावाची वाट बघत उभे राहिले. शेवटी सावा कुझ्मिच म्हणाले, "अरे कविराज, हात भरून आला. नाव कधी येणार?" सगळे खो खो हसले.

आता प्रत्येक कविता आधी त्यांना दाखवायची. निघून यावं, तर माझा प्रवासाचा परवाना त्यांच्या पेटीत कुलपात आहे. पण काळजी करू नका, ते मारत नाहीत.

ती कविता सोबत पाठवतो. आईला वाचून दाखव. तिने शेवटपर्यंत ऐकली का, तेवढं कळव. नाव त्यात कुणाचंच नाही, पण ती ओळखेल.

तुझा धाकटा भाऊ,
येफिम