दानबीला सोपवताना

जोंजू, ३ मार्च १९९६

ती. ओकबुनताई,
सा. न. वि. वि.

तुझी सुकी मासळी पोहोचली. त्यातली अर्धी तर ह्यांनीच फस्त केली. दानबी चौदा महिन्यांची झाली, मला आई म्हणते. काल अनाथाश्रमातून निरोप आला. तिच्या जन्मदात्री आईला, सेराला, बेकरीत नोकरी लागलीय. मे महिन्यात लेकीला न्यायचं म्हणते. आपण फक्त सांभाळायला घेतली होती, हे ठाऊक आहे गं. तरी रोज पहाटे चर्चमध्ये एकच मागते, की ती पोरगी येऊच नये. तूही तेवढंच माग.

तुझ्या मायेची भुकेली,
मिर्योंग

थोंगयोंग, ११ मार्च

चि. मिर्योंग,
अ. उ. आ.

तेवढं सोडून काहीही मागेन. लहानपणी माझ्या ताटातल्या माशासाठी देवाला वेठीस धरायचीस, अजून तशीच आहेस! रागावू नकोस. कालवं सोलताना दिवसभर तूच डोळ्यांसमोर असतेस. क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री बागेत येशूनेही आधी हे दुःख टळू दे असंच म्हटलं. मग मात्र देवबापाला, तुझ्या मनासारखं होवो, असंही म्हणाला. तुला जमेल तेव्हा म्हण. खोटं मात्र म्हणू नकोस, त्याला कळतं.

जेवत जा. रुसलीस तरी पत्र टाक.
ताई

जोंजू, २ एप्रिल

ती. ताई,
सा. न. वि. वि.

दोन-अडीच आठवडे ‘तुझ्या मनासारखं होवो’ हे शब्द काही तोंडून निघेनात. शुक्रवारी सेरा आली. एकवीस वर्षांची आहे नुसती. तिला बघून दानबी भोकाड पसरून माझ्यामागे लपली. सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. सेरा गुडघ्यांवर बसून विचारत राहिली, ही भात कसा खाते, कशाला घाबरते. सगळं वहीत उतरवून घेत होती.

शनिवारी पहाटे ते शब्द निघाले. बळ वगैरे काही आलं नाही, रडून डोकं तेवढं दुखलं. घरी येऊन सेराला फोन केला, रोज संध्याकाळी ये म्हटलं. आता दानबीला तीच भरवते. मी स्वयंपाकघरात उगीच भांडी घासत बसते.

तुझी, मिर्योंग

जोंजू, २० मे

ती. ताई,
सा. न. वि. वि.

काल दानबी गेली. सेराच्या कडेवरून हात हलवला, रडली नाही. हे मात्र अंगणात जाऊन हुंदके देत होते.

आज पहाटेही चर्चमध्ये गेले. सेराला चारला उठून बेकरी गाठायची असते. पोरीने तिला रात्रभर शांत झोपू द्यावं, एवढंच मागितलं.

लवकर ये. घर फार मोठं झालंय.
तुझी, मिर्योंग