आत्या माझी होती, विजय

प्रिय विजय,

हो, विजय. लग्न झाल्यावर तुला नावानं हाक मारायची नाही, असं तुझ्या घरी ठरलं आणि कॉलेजात तुला ‘ए विज्या’ म्हणणारी मी एका दिवसात ‘अहो’ म्हणायला लागले. आता कोण अडवणार आहे?

आज सकाळी आपल्या मुकुंदवाडीच्या घरात, पुढच्या खोलीत, तुझ्या फळ्यासमोर उभी राहून मी पहिला क्लास घेतला. पोरं गेली, मी फळा पुसला आणि एवढा राग आला की तिथंच बाकावर बसून राहिले. हा राग ज्याला सांगायचा तो माणूसच नाही. म्हणून लिहिते आहे.

आठवते का रे ती कॉलेजची कम्प्युटर लॅब? प्रोग्रॅममधली तुझी आकड्यांची यादी, ती लिंक्ड लिस्ट, दर वेळी रिकामी निघायची. प्रोग्रॅमच्या एका तुकड्यात, फंक्शनच्या आत, तू यादीच्या सुरुवातीला नवा आकडा जोडायचास, आत तो दिसायचाही, आणि बाहेर आलं की यादी रिकामीच्या रिकामी. “हा कम्प्युटरच बिघडलेला ए,” म्हणालास. मला हसू आलं. माझी पैठणची आत्या तेव्हा सारखी भाड्याची घरं बदलायची. मी म्हटलं, “हे बघ, आत्याचा पत्ता माझ्या चिठ्ठीवर आहे. तू तो तुझ्या चिठ्ठीवर उतरवून घेतलास. आत्यानं घर बदललं, तू तुझ्या चिठ्ठीवर खाडाखोड करून नवा पत्ता लिहिलास. माझ्या चिठ्ठीवर कुठला राहिला?”

“जुनाच.”

“आणि माझी चिठ्ठी दुरुस्त करायची असेल तर?”

तू एकदम उभाच राहिलास. “तर तुझी चिठ्ठी कुठं ठेवलीय ते मला सांगावं लागंल! पत्ता कुठं लिहिलाय, त्याचा पत्ता!”

“पॉइंटर म्हणजे पत्ता. पत्त्याच्या पत्त्यालाच डबल पॉइंटर म्हणतात, विज्या.”

पुढच्या रविवारी एसटीनं पैठणला आलास माझ्याबरोबर, खास आत्याला बघायला. तिच्या पाया पडलास. “आत्या, तुमच्यामुळं पास व्हणार हाय मी.” तिला काही कळलं नाही, पण तिनं तुला वाढून वाढून बेजार केलं. परत येताना बसमध्ये म्हणालास, “तू नसतीस तर मी हा विषय सोडून दिला असता, वंदना.” त्या एका वाक्यावर मी लग्नाला हो म्हटलं, हे तुला कधी कळलं का?

मग क्लास निघाला. बाहेर पाटी लागली, विजय सरांचे सी प्रोग्रॅमिंग क्लासेस. मला वाईट वाटलं नव्हतं तेव्हा. घरचंच काम आहे, असं वाटायचं.

पहिल्या बॅचला तू डबल पॉइंटर शिकवलास त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मधलं दार उघडंच असायचं. तुझा आवाज आला, “माझी एक आत्या होती पैठणला...” मी गॅस बारीक केला. मला वाटलं, आता म्हणशील, आमच्या मॅडमची. नाही म्हणालास. पोरं हसली, पोरांना समजलं, आणि त्या दिवसापासून तू सगळ्या कॉलेजांत ‘आत्यावाले सर’ झालास. अरे, तुला सख्खी सोड, चुलत आत्यासुद्धा नव्हती!

संध्याकाळी विचारलं तर हसलास. “अगं, तुझं-माझं काय वेगळं ए का?”

वेगळं नव्हतं ना? मग पाटीवर एकच नाव कसं?

आणि ते पाणी! शिकवता शिकवता अडलास की “एक मिनिट हं” म्हणून आत यायचास. “पाणी दे गं,” आणि लगेच हळू आवाजात, “पाच पॉइंटरांचा अॅरे आणि पाच आकड्यांच्या अॅरेचा पॉइंटर, कंस कुठं येतो? पटकन सांग.” माझे हात कणकेत. मी सांगायचे, “नावापासून वाच. नावाला लागून चौकोनी कंस असला तर तो आधी अॅरे, म्हणजे रांग. नाव आणि चांदणीची खूण मिळून गोल कंसात असली तर तो आधी पॉइंटर.” तू पाणी न पिताच बाहेर जायचास. “हां, तर लक्ष द्या. नावापासून वाचायचं...” पोरं म्हणायची, सरांना तहान लई लागते.

तू वाईट मास्तर होतास असं मी कधीच म्हणणार नाही. तुझा आवाज चांगला होता, पोरांवर जीव होता. तेच तर अवघड आहे. तू नुसता लबाड असतास, तर तुझ्यावर रागावणं किती सोपं गेलं असतं!

एकदा मीच विषय काढला होता. मुलींची वेगळी बॅच मी घेते, म्हटलं. तू फडक्यानं हात पुसत राहिलास. “आईला कोण बघंल? आणि तुझं सांगणं लई सरळ असतं, वंदना. पोरांना जरा वजन लागतं.” वजन! माझीच वाक्यं तुझ्या तोंडून आली की त्यांना वजन यायचं आणि माझ्या तोंडी ती हलकी. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय रे?

मी तेव्हाच भांडायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतील. भांडले होते. दोन दिवस तू जेवला नाहीस, आणि तुझ्या आई माझ्याशी बोलल्या नाहीत. जिंकलास.

मग तू गुलमंडीच्या बाजारात क्लासच्या पडद्यांचं कापड आणायला गेलास. दुकानाच्या पायरीवर बसलास, छातीत दुखतंय म्हणालास. दुकानदारानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा तुझ्या तोंडावरून चादर ओढलेली होती. एक शब्द नाही बोललास माझ्याशी. भांडण अर्धं टाकून असं कुणी जातं का?

शोकसभेला तुझे जुने विद्यार्थी आले, पुण्याहून, हैदराबादहून. एक जण माइकवर रडला. “सरांच्या आत्याला मी आयुष्यात विसरणार नाही,” म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला रडू येत नव्हतं. लोकांना वाटलं, धक्का बसलाय. धक्काच होता तो. माझी आत्यासुद्धा तुझ्याबरोबर चितेवर चढवत होते ते.

महेश भाऊजींनी नंतर सांगितलं, “वहिनी, खोली भाड्यानं देऊन टाकू. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” सख्खा भाऊ तुझा. त्यालाही सांगितलं नव्हतंस.

त्याच आठवड्यात नाझनीन आली. तुझ्या शेवटच्या बॅचची, चष्म्यावाली, सारखे प्रश्न विचारणारी. कुणी दुसरे सर येणार आहेत का, एवढंच विचारायला आली होती. जाता जाता दारातच म्हणाली, “मॅडम, फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलचा पत्ता परत पाठवला तर कधी उत्तर बरोबर येतं, कधी कचरा येतो. ऐसा क्यूँ? सर पुढच्या तासाला सांगणार होते.”

मी काही विचार केला नाही. सांगून टाकलं. “फंक्शन संपलं की त्या व्हेरिएबलची खोली रिकामी झाली गं. पत्ता तुझ्या हातात आहे, पण भाडेकरू गेला. त्याची भांडी अजून तिथं पडली असतील तर तुला वाटतं, माणूस आहे. मधे दुसरं फंक्शन चालव, नवा भाडेकरू येईल, मग बघ काय मिळतं. टिकायला हवं असेल तर मॅलॉक नावाच्या फंक्शनकडून वेगळी जागा माग आणि काम झालं की आठवणीनं सोड.”

ती बघतच राहिली. “ये आपको सर ने सिखाया?”

“नाही,” मी म्हटलं. “मी त्यांना शिकवलं.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं, विजय. दारात, चपला घातलेल्या एका पोरीसमोर. ती म्हणाली, “फिर आप क्यूँ नहीं पढ़ातीं?” तुझ्याकडं होतं का उत्तर?

ती गेल्यावर मागून आई बोलल्या. खाटेवर बसून सगळं ऐकत होत्या. “मला ठावं व्हतं. त्यो पाणी प्यायला येत नव्हता.”

“मग बोलल्या का नाहीत कधी?”

“लेकाचं नाव खाली गेलं असतं.” आणि मग भिंतीकडं तोंड करून, “तुझं पण कुणी वर घ्यायला पायजे व्हतं. चुकलं माझं.”

मी त्यांना माफ केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी महेश भाऊजी भाडेकरू घेऊन आले, तेव्हा आईच उठून दारात उभ्या राहिल्या. “खोली देयाची नाय. ती शिकवणार हाय तिथं.” भाऊजी चिडून गेले ते अजून आले नाहीत.

आज आठ जण आले. तुझ्या वेळी पस्तीस असायचे. दोन मुलं मधल्या सुट्टीत निघून गेली, “मॅडमचं जमंल का” असं कुजबुजत. मी ऐकलं. खडू दोनदा तुटला. पण फंक्शन पॉइंटर शिकवून संपवला, आणि नाझनीन उठून फळ्यावर स्वतः लिहायला आली, कंसासकट बरोबर.

आता तुला एक वचन देते. पोरांसमोर मी तुला लहान करणार नाही. तुझा फोटो भिंतीवर आहे तिथंच राहील, हारही बदलत जाईन. पण कुणी विचारलं, मॅडम, तुम्ही हे सरांकडून शिकलात का, तर मी खोटं बोलणार नाही. एकदाही नाही. तुला वाईट वाटेल. वाटू दे.

वंदना