पडद्यावरची सून

९ जानेवारी
पडद्यावरची पेशंट अखेर बोलली! आणि काय बोलली — "मला तीन दिवसांपासून उदरवेदना होत आहेत." तासगावात असं कोण बोलतं? हसून हसून बेजार झालो. सांगलीच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुली मी बनवलेल्या या प्रोग्रॅमवर शिकणार — कॉम्प्युटरवर पेशंट, मुलीने प्रश्न विचारायचे, नेमकं विचारलं तरच दुखणं कळणार. आठवडाभर वापरून बघतो म्हणालेत. पसंत पडलं तर माझं हे पहिलं मोठं काम. बेदाण्याच्या शेडवर पेट्या उचलत होतो तेव्हापासून माणसांच्या बोलीला माझा कान तिखट. हा आवाज फेकून देतो. घरचीच माणसं घेतो.

१२ जानेवारी
रेकॉर्डिंग झालं. केस सुनेने रचली. संयोगिता लग्नाआधी फलटणला, माहेरी, दवाखान्यात नर्स होती. आता आमचा मुलगा इंद्रजित फौजेत, ही दोन वर्षं आमच्याजवळ. म्हणाली, "मामा, बाई एकटी दवाखान्यात येतच न्हाई. सासू संगं असती. इचारा सुनंला, उत्तर सासू देती."
अगदी खरं! मग पडद्यावरची सासू झाली मंगल, गरोदर सून संयोगिता. आमच्या बायकोला काही शिकवावं लागलंच नाही — "काय न्हाई वो सिस्टर, खातीया पितीया, ब्येस हाय. नुसती नाटकं!" एका दमात पास. सून गप्प. सासूला बाहेर बसवलं तरच ती सांगते — अंगावरून रक्त जातंय. खरी मेख तिथे.

१३ जानेवारी
मंगल येईल त्याला स्वतःचा आवाज ऐकवते आहे. आता दूधवालाही सुटला नाही.

१५ जानेवारी
सांगली. सगळ्या मुली नापास! एकजात सासूशीच बोलत बसल्या. "मावशी, ह्यांना जेवण जातं का?" सासूला बाहेर बसवायचं बटण समोर, पण एकीचाही हात जाईना. आटपाडीकडची साक्षी म्हणून एक धीट पोरगी — तिला कारण विचारलं. "आवं सर, आईवानी बाईला भाईर बस म्हनायचं? जीभ रेटंल का?"
प्राचार्या मॅडम वैतागल्या. "तुमच्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी चुकलंय." मी म्हटलं, मॅडम, खऱ्या दवाखान्यात ही चूक महागात पडेल, इथे करू द्या की! त्या हसल्या. मग म्हणाल्या — घेऊ आम्ही हा प्रोग्रॅम, पण केस रचणाऱ्या सिस्टर इथे शिकवायला हव्यात.
मी तिथल्या तिथे — "येतील की!"

१६ जानेवारी
मंगलला सांगितलं. "तिला न्हाई जमायचं. रोज यष्टीनं सांगली? घरातच बरी हाय ती."
"शिकलेली पोर आहे. तिला आवडेल."
"तुमाला काय ठावं!"
"आणि तुला?"
जुंपली चांगलीच. मध्ये संयोगिता चहा ठेवून गेली. शेवटी मंगल "डबा कोन करनार?" वर आली, म्हणजे हरलीच! मॅडमना फोन करून पक्कं केलं. सोमवारपासून. फार दिवसांनी असं हलकं वाटतंय.

१७ जानेवारी
साक्षीने आज बटण दाबून सासूला बाहेर काढलं! "मावशी, जरा भाईर वारं खावा बगू, लय उकडतंय हितं." थंडीत! वर्गात टाळ्या. मॅडमही हसल्या.

१८ जानेवारी
संयोगिताला म्हटलं, सोमवारी रुजू हो. मान खाली घालून म्हणाली, "मामा, मला कॉम्प्युटरपाशी न्हाई बसायचं. वॉर्डात जायचंय, पेशंटजवळ. फलटणच्या दवाखान्यानं कवाच बोलवलंय. इंद्रजितना ठावं हाय."
"मग आम्हाला बोलली का नाहीस?"
"इचारलं कुनी?"
मॅडमना काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.
मंगल उठली. स्टुलावर चढून माळ्यावरची सुनेची बॅग काढली, पदराने पुसायला बसली.