कोबी आणि नव्वद किलोची अट

आई,

मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्यांपैकी पाच रिकाम्या आहेत. सहावीत चिमूटभर जिरं उरलंय आणि सातवीत दालचिनीचा एकच तुकडा. चोर मी आणि बाबा. ओरडायचं तर हॉस्पिटलमध्ये येऊन ओरड. कुणाची तरी तारीख रद्द झाली, म्हणून बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आजच दाखल व्हा, असा फोन आला. तुझा फोन कामावर लॉकरमध्ये असतो, म्हणून ही चिठ्ठी. डॉक्टरांची अट तीच आहे: वजन नव्वदच्या आत, नाहीतर परत घरी.

तू म्हणाली होतीस, "मसाल्यानं चरबी वितळते? एवढं शिकून हेच का?" बरोबर होतं तुझं, नाही वितळत. पहिल्या आठवड्यात तर वजन वाढलंच, कारण बाबा दालचिनीच्या पाण्यात गुपचूप तीन चमचे मध घालत होते. "औषधच आहे ना ते," म्हणाले. मग मी ते पाणी बंद केलं आणि दुपारच्या भाजीत तेल-मीठ कमी करून आलं, लसूण, कोथिंबीर, मिरी आणि डब्यातले बाकीचे मसाले सढळ हातानं घातले. ज्या उकडलेल्या कोबीवरून भांडून तुम्ही दोघं अजून धड बोलत नाही, तोच कोबी बाबा आता दोनदा मागून घेतात आणि जेवणानंतर बेकरीकडे फिरकतसुद्धा नाहीत. तुला हे सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय.

चिठ्ठी वाचलीस की थेट ये, दुसरा मजला. आई येईल ना, हे त्यांचं तीनदा विचारून झालंय.

निघण्यापूर्वी, चपला काढून, आपल्या काट्यावर: ८९.४ किलो.