थिअरीची वही

२ मे १९८८, सोमवार
श्री. ही वही सरकारने दिली. वर 'कामगार प्रशिक्षण योजना' असा शिक्का आहे. पुढून थिअरी लिहायची. मागची पानं कोरी राहतील, म्हणून मागून रोजनिशी. दोन्ही बाजू मध्ये भेटतील त्या दिवशी मी सर्टिफिकेटवाला फिटर.

कंपनीच्या साहेबांनी समजावून सांगितलं. जे आयटीआय न करता हातानेच काम शिकले, त्यांच्यासाठी सरकारच्या खर्चाने वर्ग. जागा आमच्याच कॅन्टीनची, संध्याकाळी साडेपाच ते सात. शेवटी ट्रेड टेस्ट. पास होईल तो फिटर राहील. बाकीचे एक जानेवारीपासून हेल्पर.

बावीस वर्षं फिटिंग केलं. मला कोण हेल्पर करणार? गावच्या शाळेत सातवीला पहिला आलेलो. वर्गात अकराच मुलं होती, पण पहिला तो पहिला.

५ मे
शिकवायला हरिहर सर आले. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचे. तरी उठून नमस्कार केला. ते गोंधळले.

त्यांनी विचारलं, फिट म्हणजे काय? मी म्हणालो, बसलं की फिट. वर्ग हसला. सर म्हणाले, तसं नाही काका, फिट तीन प्रकारचे. क्लिअरन्स, ट्रान्झिशन, इंटरफिअरन्स. शाफ्ट भोकापेक्षा लहान आहे की मोठा, त्यावर ठरतं. पाठ करून या.

शाफ्ट हातात घेतला की मला कळतं. तरी पाठ करीन. उद्यापासून पहाटे साडेचारला उठायचं.

६ मे
साडेचारला उठलो. स्नान, पूजा, जप. जप फार छान झाला. थिअरीला वेळ उरला नाही.

१४ जून
माझ्या शेजारी धोंडीबा बसतो. कानस कशी धरायची ते त्याला मीच शिकवलं. वर्गात डुलक्या घेतो. म्हणतो, दामाजी, तू लिहून घे, मी तुझ्याकडून ऐकीन. त्याची काळजी वाटते. हेल्पर झाला तर बायको त्याला घरात घेणार नाही. आज त्याला तिन्ही फिट समजावले. मग त्याने मला समजावले. त्याचं बरं जमलं.

सरांनी प्लेट दाखवून जाडी विचारली. बरोब्बर ओळखली, दोन सूत. सर म्हणाले, काका, सूत शर्टाला, इथे मिलिमीटर बोला. घरी येऊन हिशेब केला. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर आणि वर थोडं. ते वरचं थोडं त्यांच्यात कुठे जातं, हे सरांना विचारणार आहे.

१५ जून
विचारलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

२१ ऑगस्ट
पुढून थिअरीची तीन पानं झाली. मागून अकरा. घरी आमच्या मनुबाईने वही चाळली आणि म्हणाली, अहो, तुम्ही ही वही उलटी तर धरली नाही ना? तिला योजनेतलं काही कळत नाही.

पुढच्या सोमवारपासून रोज दोन पानं थिअरी.

२० सप्टेंबर
टेस्ट २९ तारखेला. मनुबाई वही घेऊन समोर बसली, म्हणा म्हणाली. इंटरफिअरन्स आलं. ट्रान्झिशन आलं. पहिलं आठवेना. तिने हळूच वही मिटली आणि चहा ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी टेंभी नाक्यावर गेलो. देवीच्या मंडपाचे बांबू अजून यायचेत. मोकळ्या जागेलाच हात जोडले. आई, मला पास कर, नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहीन. मन हलकं झालं. त्यामुळे अभ्यासाची गरज वाटली नाही.

२७ सप्टेंबर
टेस्ट पुढे गेली. आता १८ ऑक्टोबर. आईने वेळ वाढवून दिला. तेव्हा नवरात्र असेल, म्हणजे ती स्वतः नाक्यावर हजर.

११ ऑक्टोबर, घटस्थापना
अनवाणी सुरू. मनुबाई म्हणाली, अहो, नवस पास झाल्यावर फेडायचा असतो. आधी पास व्हा, मग वर्षभर चाला अनवाणी. मी सांगितलं, आईला निकालापर्यंत ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. शिवाय आधी फेडला म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही.

अभ्यासासाठी नऊ दिवस रजा टाकली आहे. आज कोपरीहून नाक्यापर्यंत चालत गेलो. दर्शनाच्या रांगेत तीन तास. वही बरोबर होती, पण देवीकडे पाठ करून वाचता येत नाही.

१४ ऑक्टोबर
टाचेला फोड. मनुबाईने हळद लावली. म्हणाली, वर्कशॉपात बुटाशिवाय घेतात का हो? मी म्हणालो, परीक्षक काय देव मानत नसतील? ती म्हणाली, देव मानत असतील, तुम्हाला कशाला मानतील?

१७ ऑक्टोबर
धोंडीबा घरी आला. कंपनीचे सेफ्टी बूट त्याने मेहुण्याला देऊन टाकलेत. म्हणाला, दामाजी, तुझे पडूनच आहेत ना? उद्यापुरते दे रे. दिले. मी सात नंबर, तो आठ. पाय आत जाईना. टाच आपटून आपटून बसवला. आत मनुबाई भांडी आपटत होती.

नवरात्रात गरजवंताला मदत घडली. उद्याचं शुभ दिसतंय.

१८ ऑक्टोबर, अष्टमी
दारावर पाटी, 'बुटाशिवाय प्रवेश नाही'. पाटीखाली परीक्षक. मी नवस सांगितला. ते म्हणाले, काका, माझ्याही घरी घट बसलेत. पण पायावर लोखंड पडलं तर मी काय उत्तर देऊ? बूट घाला, चार तास काम करा, मग आईची माफी मागा.

मी म्हणालो, शब्द दिलाय. दहा मिनिटं बाजूला उभा राहिलो. मग हेल्परचा विचार आला. मनुबाईने मिटलेली वही आठवली. आईला मनात म्हटलं, चारच तास. परत गेलो. म्हणालो, घालतो.

बूट आत होते. धोंडीबाच्या पायात. खिडकीतून त्याला हाक मारली. तो व्हाइसमध्ये आवळलेल्या तुकड्यावरून मान वर न करता म्हणाला, थांब रे, माझा जॉब झाला की लगेच देतो.

झाला तेव्हा अडीच वाजलेले. परीक्षक सामान आवरत होते. त्यांनी खरंच वाईट वाटून घेतलं.

चालत घरी आलो. नवस मोडला नाही, एवढं खरं. मोडायला तयार झालो होतो, तेही तिने पाहिलंच असेल.

२१ ऑक्टोबर
धोंडीबा म्हणाला, बूट टेस्टला लाभले, निकाल लागेपर्यंत राहू दे. दिले राहू. जुना जोड घातला. अंगठ्यापाशी भोक आहे, हवा खेळती राहते.

माझी टेस्ट पुन्हा घेतीलच. सरकार आपलंच आहे.

५ डिसेंबर
निकाल. धोंडीबा पास. माझ्यापुढे 'गैरहजर'. हरिहर सरांना म्हटलं, मी दारात होतो. ते म्हणाले, होतात काका, पण फॉर्मवर दाराचा रकाना नाही.

त्यांनी स्वतः बसून माझा अर्ज लिहिला.

२२ डिसेंबर
उत्तर आलं. योजना एका कामगाराला एकदाच. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे 'लाभ घेतला' असं आहे. सरांनी पत्र माझ्याकडे न देता आधी दोनदा घडी घातली. मीच त्यांची समजूत काढली.

नोटीस बोर्डावर लागलंय, आमचे अठराही कामगार प्रशिक्षित. अठरात मी आहे.

२ जानेवारी १९८९
ऑर्डर मिळाली. हेल्पर. धोंडीबाच्या बेंचवर. तो दिवसभर माझ्याकडे बघेना. कानस मागायची तर स्वतःच उठून घ्यायचा. शेवटी मीच म्हणालो, अरे, सांग की मला, आता तेच माझं काम. त्याचे डोळे भरले. सुटीच्या वेळी बूट परत केले. पॉलिश केलेले.

घरी येऊन घालून पाहिले. त्याच्या पायाने सैल झालेत. टाचेमागे बोट सहज जातं. मनुबाई म्हणाली, कापूस कोंबा. मी बोट आतबाहेर करत बसलो. शाफ्ट लहान, भोक मोठं.

क्लिअरन्स फिट.

वही पुढून उघडून लिहून ठेवलं. आता विसरणार नाही.