मुठीवरचा कोट

३ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. आधी नमस्कार घे, राग थोडा वेळ बाजूला ठेव आणि मग पुढचं वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडायचं असलं तरी माणूस आधी वाचतो, निदान तू तरी. लहानपणी माझी पत्रं माझ्याआधी तूच वाचायचीस.

इकडे सगळं ठीक. आमचे मास्तर शाळेत गणित शिकवून दमत नाहीत, म्हणून घरी येऊन मलाही शिकवतात. सध्या त्यांचा विषय आहे बाथरूमचं दार. मी आत असताना दारात चप्पल अडकवून ठेवते, म्हणजे ते पुरतं लागत नाही. त्यावरून त्यांची कुरकुर. "अगं, पाहुणे आले तर काय म्हणतील?" मी म्हटलं, सांगा त्यांना, आमच्याकडे हवा खेळती ठेवतात. यावर ते गप्प बसले. नवरा गप्प बसला की आपण जिंकलो असं समजायचं, हे तूच मला लग्नात सांगितलं होतंस.

लॅबमध्ये डोकं वर काढायला फुरसत नाही. मी लोकांची थुंकी तपासते असं तू आईला सांगितल्यावर तिने माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं होतं, आठवतं? तर तेच काम जोरात आहे. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायचं. सकाळी उठल्यावर ते चढतं आणि दिवसभर उतरत जातं. माणूस ताणात असला की शरीर ते जास्त सोडतं. मोठ्या अपघातातून, आगीतून वाचलेल्या माणसांचे नमुने आमच्याकडे येतात. त्यांच्या शरीरात पुढे काय चालतं, यावर आमच्या मॅडमचं संशोधन आहे.

किटचा नवीन डबा उघडला की आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरचा एकही नमुना लावायच्या आधी आम्ही घरचे लोक आपापली सकाळची लाळ तपासायला लावतो. आमचे आकडे नेहमीसारखे आले तर डबा चांगला. माझा आकडा वर्षानुवर्षं इतका नेमका आला की मॅडम मला फूटपट्टीच म्हणतात. पण हल्ली डबे खराब येताहेत. माझा आकडा फारच खाली दाखवतात. दोन डबे परत पाठवले, तिसऱ्याचंही तेच. कंपनीचा माणूस येऊन आमच्यासमोर हात जोडून गेला.

हो, एक गंमत सांगायची राहिली. मध्यंतरी मी कोल्ड रूममध्ये जरा वेळ अडकले होते. दार बाहेरून लागलं. झाडायला येणाऱ्या मावशींनी उघडलं. साधी सर्दीसुद्धा झाली नाही बघ. आईला मात्र सांगू नकोस.

मागच्या रविवारी मी तुमच्याकडे आले होते. संत्री मिळाली असतील. लिफ्ट बंद होती आणि मला परत जायची घाई होती, म्हणून वॉचमनकाकांच्या हाती दिली. आईचं खुब्याचं मोडलेलं हाड कसं जुळतंय? कूस बदलता येते का? तिला म्हणावं, कामाचं ओझं उतरलं की छोटी येतेच.

तुझी,
छोटी


२१ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "लिफ्ट त्या दिवशी चालू होती. मी भाजी घेऊन त्यातूनच वर आले. आई दाराकडे तोंड करून झोपते, दुसऱ्या कुशीवर वळवलं तर चिडते. ती गेल्यावर रडायला येऊ नकोस."

पत्र वाचून मला तुझा राग आला नाही. लिफ्ट बंद होती हे मी खोटं लिहिलं. बाकीचंही अर्धवटच सांगितलं होतं. आता सांगते. मध्ये थांबू नकोस.

डबे खराब नव्हते. तिसरा डबाही कंपनीने तपासून परत पाठवला, वर चिठ्ठी, माल चोख आहे. मग मॅडमनी सगळ्यांचे जुने-नवे आकडे समोर घेतले. बाकी सगळ्यांचे नेहमीसारखे होते. खाली गेला होता तो फक्त माझा. आणि सगळा वेळ आम्ही काय धरून चाललो होतो? की फूटपट्टी चुकणार नाही. तीन डबे खोटे ठरवले आम्ही, पण माझ्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या ना उघडं." त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "बस. काय झालंय?"

मी म्हटलं, "मॅडम, ताण असता तर आकडा वर गेला असता ना? माझा तर खाली आहे. म्हणजे मी निवांतच आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इतके नमुने लावलेस तू. आगीतून वाचलेल्यांचे आकडे कसे यायचे?"

मला माहीत होतं, ताई. माझ्याच हातून गेले होते. बऱ्याच जणांचे खाली यायचे.

मग त्यांनी सांगितलं, ते तुला जमेल तसं सांगते. संकट आलं की मेंदू घंटा वाजवतो. छाती धडधडते, हातापायांत रक्त धावतं, पळ किंवा लढ. ते काम ॲड्रेनलिनचं. कॉर्टिसॉल मागून येतं, आणि त्याचं एक काम म्हणजे घंटेवाल्याला सांगणं की बाबा, पुरे, संपलं, घरी जा. काही माणसांच्या बाबतीत मोठ्या भीतीनंतर हे सांगणारा फार हळू आवाजात बोलायला लागतो. मग जरासं निमित्त झालं की घंटा वाजते आणि वाजतच राहते. "सगळ्यांचं असं होत नाही," त्या म्हणाल्या, "आणि नुसत्या आकड्यावरून मी कुणाला आजारी ठरवत नाही. पण या आकड्याने मला तुला विचारायला लावलंय. त्या दिवशी किती वेळ होतीस आत?"

ते मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. मास्तरांनाही नाही; ते त्या रात्री शाळेची सहल घेऊन बाहेरगावी होते.

कोल्ड रूम म्हणजे चालत आत जायचा मोठा फ्रीज. आतून उघडायचा खटका कधीचा मोडलेला. दिव्याचं बटण बाहेर. म्हणून आमचा नियम असा की आत जाणाऱ्याने आपला पांढरा कोट दाराच्या बाहेरच्या मुठीवर अडकवायचा. कोट दिसला म्हणजे आत माणूस आहे. त्या दिवशी मला एकच ट्रे ठेवायचा होता, आणि आत गारठा. कोट मी अंगावरच ठेवला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो पोरगेला टेक्निशियन निघता निघता आला. मुठीवर कोट नाही, दार किलकिलं. त्याने नियमाप्रमाणे दार लावलं, दिवा मालवला आणि घरी गेला. त्याची चूक नाही. दार जाड, आतून कितीही बडवलं तरी बाहेर ऐकू जात नाही. फोन बाहेर टेबलावर राहिलेला. मी बडवलं, ओरडले. मग ओरडायची थांबले, कारण आतली हवा संपेल असं वाटायला लागलं. अशी हवा संपत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही. सकाळी झाडायला आलेल्या मावशींनी दार उघडलं तेव्हा मी ट्रेच्या रॅकला पाठ लावून बसले होते. त्या मला हाका मारत होत्या आणि मला वाटत होतं की मी अजून ओरडतेच आहे.

खटका दुसऱ्या दिवशी बदलला. तो पोरगा अजून रोज न सांगता माझा चहा आणून ठेवतो. मला त्याचा राग येत नाही. पण त्याच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या की मी कप तसाच ठेवून दाराशी जाऊन उभी राहते, आणि हे त्याला कसं सांगू?

घरातल्या कड्या मी काढून ठेवल्यात. आंघोळीला दारात चप्पल. बसमध्ये दाराजवळ जागा मिळाली नाही तर उतरून पुढचा रस्ता चालत. सगळी दारं उघडी आहेत, ताई, आणि तरी मी कुठेही जाऊ शकत नाही. असं कधी कुणाचं झालेलं तू ऐकलंस का?

त्या रविवारी मी तुमच्या लिफ्टपुढे उभी राहिले. पत्र्याचं दार सरकलं आणि आतून तोच गार वारा आला. मी मागे फिरले. म्हटलं, जिन्याने जाऊ, आठ मजले तर आठ मजले. जिन्याला खिडकी नाही, दार आपोआप मिटतं, दिवा आपोआप जातो. दुसऱ्या मजल्यापाशी दिवा गेला. पुढचं मला सलग आठवत नाही. खालचं दार मी ओढत होते. ते ढकलायचं असतं. वॉचमनकाकांनी बाहेरून उघडलं आणि विचारलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" मी त्यांना संत्री दिली आणि चालायला लागले. वर आई दाराकडे बघत पडली होती हे मला तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटली आणि लाजेपायी मी तुला लिफ्ट बंद होती म्हणून लिहिलं.

मॅडमनी एका डॉक्टरांचं नाव दिलंय. एकदा जाऊन आले. त्यांच्या खोलीला दोन दारं आहेत, म्हणून बसता आलं. त्या म्हणतात, हे हळूहळू सुटेल, पण वेळ लागेल. आईकडे तेवढा वेळ आहे का, हे त्यांना विचारून काय उपयोग? ते तुला विचारावं लागेल, आणि तू फोन उचलत नाहीस.

आता खरं सांगते. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मी तुमच्या इमारतीत, खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून लिहितेय. दारात माझी एक चप्पल अडकवलीय. वॉचमनकाका म्हणाले, "खुर्ची देऊ का?" मी म्हटलं, कागद संपेपर्यंत इथेच बरी आहे. आता कागद संपत आलाय. तो घेऊन ते लिफ्टने वर येतील.

ताई, वरून जिन्याने खाली ये. येताना प्रत्येक मजल्याचं दार उघडं ठेवत ये. घरात असतील नसतील त्या सगळ्या चपला घे, भाऊजींचे बूटसुद्धा. दिवा गेला की बटण दाब आणि मला हाक मार, मोठ्याने, शेजारी काही का म्हणेनात. मी खालून चढायला लागते. कुठल्या मजल्यावर भेटू ते माहीत नाही. कदाचित पहिल्याच पायरीवर भेटेन. तिथे भेटले तरी रागावू नकोस, आणि आईला इतक्यात काही सांगू नकोस.

कामावरून तशीच आलेय. अंगावरचा कोट काढून जिन्याच्या दाराच्या बाहेरच्या मुठीवर अडकवलाय. काकांना त्याचा अर्थ सांगून ठेवलाय. तुलाही आता माहीत आहे.

आत आहे,
तुझी छोटी